दोरा बांधलेली वांगी

आमच्या घराला लागून एक मोकळा प्लॉट आहे. धुळ्याच्या देवपुरात असे प्लॉट अजून बरेच आहेत. चार कोपऱ्यांना सिमेंटचे खांब, मध्ये गाजरगवत, कोणाच्या तरी बांधकामातून उरलेला मुरूम आणि गल्लीने मोठ्या विश्वासाने आणून टाकलेला कचरा. आमच्या शेजारच्या प्लॉटचे मालक पुण्याला असतात. मी शाळेतून निवृत्त झाले त्या वर्षी त्यांना फोन करून विचारलं, तिथे थोडा भाजीपाला लावू का. ते म्हणाले, लावा की, मी बांधायला काढीन तेव्हा मात्र सोडावं लागेल. तेव्हापासून तो प्लॉट कागदोपत्री त्यांचा आणि घामाने आमचा आहे.

आम्ही म्हणजे मी आणि आमचे हे. हे शिंदखेड्याकडच्या शेतकऱ्याच्या घरातले, पण सगळी हयात सरकारी खुर्चीत गेली. मी पारोळ्याकडची, आणि माझी हयात सातवीला विज्ञान शिकवण्यात गेली. बदली होईल त्या गावी भाड्याच्या खोल्यांत राहिलो आणि तुळशीपलीकडे काही लावलं नाही. संसार चाळीसेक वर्षांचा झाला, पण एकमेकांच्या घरची शेतातली रीतभात आम्हाला ठाऊकच नव्हती. तशी गरजच कधी पडली नाही.

पहिल्या वर्षी आमची मेथी गल्लीतल्या शेळीने खाल्ली. कोथिंबीर उगवली ती आम्ही पेरली होती तिथे सोडून सगळीकडे. गिलक्याचा वेल मात्र असा माजला की विजेच्या खांबावर चढला आणि वायरमन येऊन आम्हाला रागावून गेला. नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे भाजी धुतलेलं, तांदूळ धुतलेलं, सगळं पाणी बादलीत साठवायचं आणि संध्याकाळी वाटीवाटीने झाडांना घालायचं. हे त्या कामाला 'पाणी पाळी' म्हणायचे, जणू पाटाचं पाणी सुटलंय. मुरमातून काचा वेचता वेचता माझी बोटं कापली, पण सकाळी उठायला कारण मिळालं. निवृत्त माणसाला एवढं पुष्कळ असतं.

वांगी मात्र आम्ही लावत नव्हतो. कारण वांगी अक्काकडून यायची.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. आमची आई मी लहान असताना गेली, आणि मला वेणी घालणारी, ताटात वाढणारी, धपाटे घालणारी जी बाई आठवते ती अक्काच. तिचं लग्न पारोळ्याजवळच्याच गावी झालं, त्यामुळे माझं माहेर तिच्या घरी गेलं. घरामागे तिचं परस होतं. त्यात भरताची वांगी असायची. हिरवीगार, पांढऱ्या रेघांची, एका हातात न मावणारी, साल इतकी पातळ की भाजलं की आपोआप सुटून यायची. जळगावच्या बाजारातही भरताची वांगी चांगली मिळतात, मी त्यांना नावं ठेवणार नाही. पण अक्काच्या वांग्याला शेवटी जिभेवर एक गोडवा यायचा, तो मला दुसरीकडे कुठे मिळाला नाही.

थंडी पडली की तिचा फोन यायचा. पारोळ्याहून धुळ्याला येणाऱ्या एसटीत ती कोणाच्याही हाती पिशवी द्यायची, ओळख असो नसो. फोनवर सांगायची, "लाल टोपीवाला आबा शेतस, त्यासना जोडे पिशवी दियेल शे." मग मी धुळ्याच्या स्टॅंडवर उभी राहून उतरणाऱ्या लाल टोप्या बघत बसायची. एकदा तर एका भलत्याच आबांच्या हातातली पिशवी मी हक्काने घेतली होती, आत त्यांचे कपडे निघाले. पण एवढ्या वर्षांत अक्काची पिशवी कधी हरवली नाही. वरून भरतासोबत खायला कांद्याची पात आणि खाली वर्तमानपत्रात गुंडाळलेलं कळण्याचं, म्हणजे ज्वारी-उडदाचं, पीठ.

बी ती घरचंच धरायची. बहर ऐन भरात आला की तिच्या मनात भरलेल्या झाडाचं एक वांगं ती राखायची, देठाला दोरा बांधायची. दोरा बांधला की त्या वांग्याला कोणी हात लावायचा नाही. ते झाडावरच पिकून पिवळं होऊ द्यायचं, मग आणखी काही दिवस घरात ठेवून पाण्यात कुस्करायचं, तरंगेल ते बी फेकायचं, बुडेल ते धरायचं. ते शेणाच्या चकतीत थापून चकती स्वयंपाकघरातल्या भिंतीला लावायची. मी लहानपणी एकदा दोरा बांधलेलं वांगं चुलीत घालायला निघाले होते, तेव्हा तिने हात धरला आणि म्हणाली, "बी नही खावानं. आज पोट भरी जाई, मंग पुढला सालले काय खाशी?" मारलं नाही, फक्त हात धरून ठेवला. तिचा हात चांगलाच जड होता.

तीन वर्षांपूर्वी वैशाखात अक्का गेली. दुपारी जेवली, आडवी झाली आणि उठलीच नाही. तेराव्यानंतर भाच्याने विचारलं, मावशी, तुला तिचं काय हवं. तो सुरतला असतो, घराला कुलूप लागणार होतं, शेत बटाईने दिलेलंच होतं. बायका लुगडी, पितळी भांडी बघत होत्या. मी स्वयंपाकघरात गेले आणि भिंतीवरची शेणाची चकती सुरीने अलगद सोडवून घेतली. भाच्याला वाटलं, दुःखाने मावशीचं डोकं फिरलं. त्याने ती प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून दिली आणि वर एक पितळी तांब्याही ठेवला.

मला अक्काची आठवण येते, असं म्हणणं फार थिटं पडतं. मला तिची भूक लागते. हिवाळ्यात संध्याकाळी गल्लीत कोणी कपाशीच्या काड्या पेटवल्या, धुराचा तो वास आला, की मी आहे तिथे थांबते. स्टॅंडवरून रिक्षा गेली तरी पारोळ्याच्या गाडीचा फलक शोधते. आता त्या गाडीतून माझ्यासाठी काही उतरणार नाही हे मला कळतं, पण मान वळायची ती वळतेच. आणि अक्कापैकी जे काही जिवंत राहू शकेल असं या जगात उरलं होतं, ते त्या शेणाच्या चकतीत होतं. ते जगवायचं, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

मृग लागल्यावर चकती पाण्यात भिजवून फोडली. बी जुनं असावं, की कसर लागली होती, कोण जाणे, मोजकंच बुडालं. आईस्क्रीमच्या डब्यांना खाली भोकं पाडून, शेणखत आणि माती भरून ते पेरलं आणि डबे गॅलरीत जाळीखाली ठेवले, चिमण्यांनी कोंब खुडू नयेत म्हणून. रोज सकाळी चष्मा लावून बघायचे. दोन दोन पानांची चार रोपं आली. एक उन्हाने गेलं, एक गोगलगायीने खाल्लं. उरलेली दोन मी प्लॉटवर नेऊन लावली तेव्हा यांना सावली धरून उभं केलं होतं, आणि हे छत्री घेऊन तासभर निमूट उभे राहिले.

आता दोन झाडांवर सगळा भरवसा ठेवायचा म्हणजे धीर होईना. शिवाय यांना काटेरी जांभळ्या वांग्यांची भरली भाजी प्रिय. म्हणून साक्री रोडच्या नर्सरीतून जांभळ्या वांग्यांचा ट्रे आणला आणि अक्काच्या दोन झाडांभोवती ती रोपं लावली. तेवढीच सोबत, असंही मनात आलं. सगळी एकत्र फुलली. मधमाश्या या फुलावरून त्या फुलावर जायच्या, आणि मी खुर्ची टाकून कौतुकाने बघत बसायची.

अक्काच्या झाडांपैकी एकाला शेंडेअळी लागली आणि ते वठलं. दुसऱ्याला मात्र वांगी धरली, आणि पहिलं वांगं मुठीएवढं झालं तेव्हा त्यावरच्या पांढऱ्या रेघा बघून मी प्लॉटवरच रडले. खायचा मोह खूप झाला. पण बी नही खावानं. त्या झाडावर दोनच वांगी भरदार झाली होती, बाकी फुलं गळत होती. मी ती दोन्ही राखायचं ठरवलं. दोरा शोधायला घरात आले, तर देवघराच्या डब्यात हळदीचा पिवळा दोरा सापडला. तोच दोन्ही देठांना बांधला. यांना वेगळं सांगितलं नाही. दोरा बांधल्यावर सांगायचं काय राहिलं?

इथे यांच्याबद्दल थोडं सांगायला हवं. यांच्या घरी खंडोबा. आषाढी एकादशीपासून चंपाषष्ठीपर्यंत हे वांगं तोंडात घालत नाहीत. बाकी कुठल्या व्रताशी यांचं फारसं जमत नाही, उपासाच्या दिवशी साबुदाण्याच्या खिचडीसोबत भाकरीही चालते, पण वांग्याचं व्रत मोडलं असं आमच्या संसारात झालं नाही. चंपाषष्ठीला भरीत-भाकरीचा नैवेद्य दाखवायचा आणि मग पहिलं वांगं खायचं. मी यांना चिडवते की देवाने मागितला असेल एक महिना, चार तुम्ही भीतीपोटी दिले.

त्या वर्षी चंपाषष्ठीला मी पुरणात गुंतले होते. यांना म्हटलं, प्लॉटवरून वांगी आणा आणि तिथेच काड्यांवर भाजून आणा, घरात धूर नको. माझ्या मनात जांभळी होती. जांभळ्यांचं भरीत काही खास होत नाही, पण देवाला काय, हे दाखवतील ते चालतं. बऱ्याच वेळाने हे ताट घेऊन आले. ताटात भाजून काळी पडलेली, मऊ झालेली दोन मोठी वांगी होती. देठ तसेच होते, आणि एका देठाला अर्धवट जळालेला पिवळा दोरा.

हे हसत उभे होते. माझ्या तोंडाकडे बघून यांचं हसू गेलं. म्हणाले, "दोरा बांधेल व्हता. देवनं शे म्हनीसन तोडं मी."

मग मला कळलं. शिंदखेड्याला यांच्या घरी शेतातलं पहिलं, चांगलं वांगं चंपाषष्ठीसाठी राखायचे, आणि यांची आई त्याला हळदीचा दोरा बांधायची. दोरा बांधला की ते देवाचं. त्याला दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही, आणि षष्ठीच्या दिवशी तेच तोडायचं. यांना तर वाटलं होतं की इतकी वर्षं देवाच्या नावाने टोमणे मारणाऱ्या बायकोने यांच्या आईची रीत न सांगता पाळली. प्लॉटवर बसून ती वांगी यांनी किती आनंदाने भाजली असतील, याचा विचार मी नंतर केला. त्या क्षणी केला नाही. त्या क्षणी मी म्हणाले ते इथे लिहिण्याजोगं नाही.

हे खाली बसले आणि देठ हातात घेऊन बघत राहिले. आत बी आहे, ते पेरलं तर, असं म्हणाले. भाजलेलं आणि कोवळं. मी म्हटलं, सातवीतलं पोरसुद्धा असं विचारणार नाही.

पण सण होता. देवापुढे दिवा लावलेला होता. मी वांगी सोलली, साल अक्काच्या वांग्यासारखीच एका ओढीत निघाली. लाकडी बडगीत मिरच्या, लसूण आणि वांगी ठेचली, शेंगदाणे आणि पात घालून तेल फिरवलं. यांनी नैवेद्य दाखवला. पानं मांडली. मी पहिला घास घेतला, आणि शेवटी जिभेवर तो गोडवा आला. अगदी तोच. जेवणाचं पुढचं मला नीट आठवत नाही. दोनेक घास कसेबसे गिळले आणि रागाने उठले, असंच मला आजवर वाटत आलं.

पुढचं वर्षभर मी यांना सोडलं नाही. भाजीत मीठ कमी पडलं की मी म्हणायचे, देवाला आळणी चालतं. पाहुण्यांसमोर सांगायचे, यांनी माझी बहीण भाजून खाल्ली. हे ऐकून घ्यायचे. एकदाही उलटून बोलले नाहीत, त्याचाही मला राग यायचा.

झाड मात्र मी मरू दिलं नाही. जमिनीपासून वीतभर ठेवून छाटलं, शेणखत घातलं, थंडीभर पाणी दिलं. फाल्गुनात त्याला नवे फुटवे आले आणि एक वांगं धरलं. या वेळी दोरा बांधला नाही, यांनाच पहाऱ्यावर बसवलं. उन्हं तापायला लागल्यावर हे दुपारी त्या एका वांग्यावर ओलं पोतं धरायचे. ते पिवळं झालं, कुस्करलं, बी बुडालं, गवळ्याकडून शेण आणून चकती थापली. हा सगळा सोहळा करताना मी मनात अक्काला सांगत होते की बघ, धरलं की नाही. ते झाड आणि त्याभोवतीची जांभळी रोपं त्या उन्हाळ्यातच वाळून गेली.

पुढच्या मृगात भरपूर रोपं आली. प्लॉटचा अर्धा भाग अक्काच्या वांग्यांनी भरला. कार्तिकात फळं धरली तेव्हा मी पहिल्यांदा बघायला गेले आणि तिथेच उभी राहिले. काही फळं हिरवी होती, पण रेघांच्या जागी जांभळट डाग. काही तर सरळ जांभळी. देठाला काटे. पेरलं तसं उगवतं म्हणतात. म्हणणाऱ्यांनी वांगी लावलेली नसावीत.

त्यातल्या त्यात हिरवं बघून मी एक भाजलं. भरीत चांगलं झालं, शेजारीण वाटी घेऊन गेली. पण ते अक्काचं नव्हतं.

परागीभवन मी फळ्यावर काढलं आहे. रंगीत खडूंनी. फूल, परागकण, मधमाशी, दुसरं फूल, बाण. सगळी नोकरी तो धडा शिकवला, आणि जांभळी रोपं मी माझ्या हाताने अक्काच्या झाडाला खेटून लावली. म्हणजे दोरा बांधलेल्या त्या दोन वांग्यांतलं बीसुद्धा अक्काचं उरलेलं नव्हतं. मधमाश्यांनी ते काम आधीच उरकलं होतं, मी खुर्चीत बसून बघत असताना. फळाचा गर मात्र आईच्या झाडाचा असतो, त्यात बाहेरचं काही मिसळत नाही. हे सातवीच्या पुस्तकात नव्हतं, पण मला माहीत होतं. अक्काचं जे काही त्या वांग्यांत होतं ते गरात होतं, आणि ते फक्त खाण्यापुरतं होतं. मी ती राखली असती तर पिकून, कुजून, पाण्यात कुस्करून गेली असती, आणि तो घास मला मिळालाच नसता.

हे सगळं माझ्या ध्यानात आलं तेव्हा आम्ही दोघं ओट्यावर बसलो होतो. चंपाषष्ठी दोन दिवसांवर आली होती आणि हे घाबरत विचारत होते की यंदा कोणतं वांगं तोडू. मी म्हटलं, तुम्हाला वाटेल ते तोडा. मग म्हटलं, मागच्या साली तुम्ही ती भाजली ते बरं झालं. यांना वाटलं हा नवा टोमणा आहे. मी सगळं समजावून सांगितलं, मधमाशीपासून. हे ऐकत राहिले. मी म्हटलं, दुःख एवढंच आहे, की तो शेवटचा घास मी रागात गिळला आणि ताटावरून उठले. नीट जेवले असते तर निदान आठवायला पुरलं असतं.



"तू उठनी नही," हे म्हणाले. "रडी ऱ्हायनी व्हती आनि खाई ऱ्हायनी व्हती. भाकर सरी गयी, मंग नुसतं भरीत खादं तू. बडगी पुसीसन खादी."

मला यातलं काही आठवत नव्हतं. पण यांना खोटं बोलता येत नाही. आणि हे वर्षभर टोमणे ऐकत राहिले, तेव्हा एकदाही यांनी ही गोष्ट काढली नव्हती. मी विचार करत राहिले. भरीत दोनच वांग्यांचं होतं. पाचेक महिने वांगं न खाल्लेला माणूस समोर बसला होता.

मी विचारलं, "मग तुम्ही काय खाल्लं?"

"देवपुढला घास खादा ना मी," हे म्हणाले.